बिशप रिचर्ड ॲलन : सहाव्या रस्त्यावरील देवाचे घर

मोठ्या शहरात परके म्हणून राहणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगावे लागत नाही. इंदूर, बडोदे, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी गेलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आरंभी कोणाच्या तरी दोन खोल्यांत प्रार्थनेला जमतात. पुढे नाताळची गाणी एकत्र गायिली जातात, आजाऱ्याच्या उशाशी पाळीपाळीने बसणे होते, कोणी प्रभूमध्ये निजला तर खांदा द्यायला माणसे धावून येतात. असे करता करता एके दिवशी त्या विखुरलेल्या घरांची मंडळी झालेली असते.

आज ज्या देवमाणसाची ओळख मी आपणांस करून देणार आहे, त्याने हेच कार्य दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात केले. फरक इतकाच, की त्याची माणसे नुसती परकी नव्हती. त्यांतील बहुतेक जण बाजारात विकली गेलेली, किंवा विकल्या गेलेल्यांची मुले होती. तो स्वतःही गुलाम म्हणूनच जन्मास आला होता. त्याचे नाव रिचर्ड ॲलन.

१४ फेब्रुवारी १७६० रोजी रिचर्डचा जन्म झाला, तेव्हा त्याचे आईबाप फिलाडेल्फियाचे नामांकित वकील बेंजामिन च्यू यांच्या मालकीचे होते. रिचर्ड लहान असतानाच च्यू यांनी हे सारे कुटुंब डेलावेअर प्रांतात, डोव्हर गावाजवळ शेती करणाऱ्या स्टोकली स्टर्जिस यांना विकले. हा नवा धनी स्वभावाने दयाळू होता, परंतु कर्जात बुडालेला होता. आणि गुलामगिरीत धन्याच्या दयेला त्याच्या कर्जाइतकेही वजन नसते. पैशांची निकड लागताच त्याने रिचर्डची आई आणि तिची तीन लेकरे विकून टाकली. रिचर्ड, त्याचा थोरला भाऊ आणि एक बहीण मागे राहिली.

सुमारे सतराव्या वर्षी मेथडिस्ट प्रचारकांची वचने ऐकून रिचर्डच्या अंतःकरणाला पापाची टोचणी लागली, आणि पुष्कळ तळमळीनंतर त्याला तारणाची खात्री मिळाली. त्यानंतर त्या दोघा भावांनी जे केले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धर्म शिकविला तर गुलाम बिघडतात, असे शेजारचे जमीनदार स्टर्जिसला ऐकवीत. तेव्हा प्रभूच्या नावाला दोष लागू नये म्हणून दोघांनी पूर्वीपेक्षा अधिक झटून काम करण्याचे ठरविले. धन्याचे पीक मागे पडते आहे असे दिसले, तर ते आठवड्याची सभाही सोडीत. शेवटी धन्यानेच त्यांना सभेला जाण्याचा आग्रह केला आणि पुढे आपल्याच घरी उपदेश करण्यास परवानगी दिली.

त्या घरी एकदा फ्रीबॉर्न गॅरेट्सन नावाचे प्रचारक आले. आपल्या गुलामांना त्यांनी पूर्वीच मुक्त केले होते. त्या दिवशी त्यांनी दानीएलाच्या पाचव्या अध्यायातील, बेलशस्सर राजाच्या भिंतीवर उमटलेल्या लेखावर संदेश दिला. तागडीत तोलला जाऊन उणा भरलेला तो राजा आपणच आहोत, असे स्टर्जिसला वाटू लागले. माणसाला मालमत्ता समजणे योग्य नाही हे त्याला पटले. तरीही कर्ज डोक्यावर होतेच. म्हणून त्याने दोघा भावांना स्वतःची किंमत भरून सुटण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील घसरलेल्या चलनात ती किंमत प्रत्येकी २,००० डॉलर ठरली. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. पश्चात्ताप खरा होता; पण त्या पश्चात्तापाचेही मोल गुलामालाच चुकवावे लागले.

ते मोल रिचर्डने अंगमेहनतीने चुकविले. त्याने जळाऊ लाकडे फोडली. आरंभी हाताला असे फोड आले की मूठ मिटणे कठीण झाले. वीटभट्टीवर तो राबला. युद्धकाळात त्याने किनाऱ्यावरून मीठ वाहून नेणारी गाडी हाकली, आणि वाटेतल्या ठरावीक थांब्यांवर गाडी उभी करून तो लोकांना सुवार्ता सांगे. १७८३ साली, मुदतीपूर्वीच, सारी रक्कम फेडून तो स्वतंत्र झाला.

आपल्या मराठी शास्त्रात प्रेषित स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो. आपल्या कानांवर तो शब्द भक्तीचा होऊन पडतो. ज्या ग्रीक शब्दाचे ते भाषांतर आहे, तो मात्र त्या काळच्या बाजारातला शब्द होता. त्यात विक्री होती, साखळी होती. रिचर्ड ॲलन यांनी तो शब्द वाचला असेल तेव्हा त्यांना त्याच्या अर्थासाठी कोशाची गरज पडली नसेल.

स्वातंत्र्यानंतर ते डेलावेअर, न्यू जर्सी, मेरीलँड व पेनसिल्व्हेनियात पायी फिरून उपदेश करू लागले. मेथडिस्टांचे बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांनी त्यांना आपल्याबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर येण्यास सांगितले. परंतु अट अशी, की तेथील गुलामांत मिसळायचे नाही आणि रात्री पुष्कळदा गाडीतच निजायचे, मोबदला अन्नवस्त्राचा. ॲलन यांनी नम्रपणे नकार दिला. आजारी पडलो तर मला कोण पाहील, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. आपल्याच बांधवांपासून दूर राहून सुवार्ता सांगण्याची अट त्यांना कशी मानवणार?

फेब्रुवारी १७८६ मध्ये ते फिलाडेल्फियात आले. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट मंदिरात त्यांना पहाटे पाचची उपासना चालविण्यास बोलाविले होते. आठवडा-दोन आठवडे राहून परत जावे असा त्यांचा विचार होता. राहिले ते मरेपर्यंत. कारण या शहरात त्यांना मेंढपाळाविना भटकणारी मेंढरे दिसली. बंदराचे ते शहर आयरिश, जर्मन, इंग्रज अशा नाना लोकांनी भरलेले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने गुलामगिरी हळूहळू संपुष्टात येऊ लागली होती आणि मुक्त झालेले, पळून आलेले कृष्णवर्णीय तेथे आश्रयाला येत होते. पुढे सेंट डोमिंग बेटावरील, म्हणजे आजच्या हैतीवरील, उठावानंतर फ्रेंच बोलणारे निर्वासितही आले. या साऱ्या कृष्णवर्णीयांना एकत्र बसण्यास हक्काची जागा नव्हती. ॲलन दिवसातून चार-पाच वेळा, मिळेल त्या जागी, उपदेश करू लागले आणि बेचाळीस जणांची एक प्रार्थनासभा उभी राहिली.

१२ एप्रिल १७८७ रोजी ॲलन आणि त्यांचे स्नेही ॲब्सलोम जोन्स यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली. जोन्स हेही पूर्वी गुलाम होते. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावा. वर्षभर वर्गणी भरलेल्या गरजू सभासदाला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळावेत. विधवेला आधार मिळावा आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची वा धंदा शिकण्याची सोय व्हावी, असे तिचे नियम होते. दारूबाज मनुष्याला तीत स्थान नव्हते. आपल्याकडील भिशी आणि मयत-फंड यांच्याशी परिचित असलेल्या वाचकांना त्या एका शिलिंगाचे सामर्थ्य सांगायला नको.

याच काळात ती प्रसिद्ध घटना घडली. तिचे वर्ष परंपरेने १७८७ धरतात. मंदिराच्या बांधकामाचे हिशोब तपासून अनेक अभ्यासक आता ती १७९२ च्या सुमाराची मानतात. सेंट जॉर्ज मंदिरात कृष्णवर्णीयांची संख्या वाढली, तशी त्यांना प्रथम भिंतीकडेला आणि मग नव्या सज्जात बसण्यास सांगण्यात आले. त्या सज्जासाठी व नव्या फरशीसाठी त्यांनी स्वतः पैसे दिले होते आणि श्रमही केले होते. एका रविवारी ते सज्जात, पूर्वीच्या आपल्या जागेच्या वरच्या बाजूस, जाऊन गुडघे टेकतात न टेकतात तोच एक विश्वस्त आला आणि जोन्स यांना प्रार्थनेतून ओढून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, मग आम्ही उठू, एवढीच जोन्स यांची विनंती होती. ती ऐकली गेली नाही. दुसऱ्या विश्वस्ताला मदतीस बोलाविण्यात आले. प्रार्थना संपली, आणि ते सर्व जण एकत्र उठून बाहेर पडले. त्यानंतर त्या मंदिराला त्यांचा त्रास झाला नाही.

वाचकहो, मनुष्य रागाने मंदिर सोडतो तेव्हा पुष्कळदा देवालाही सोडतो. ॲलन यांनी तसे केले नाही. मेथडिस्ट प्रचारकांनीच मला ख्रिस्त दाखविला, हे ऋण ते कधी विसरले नाहीत. सोसायटीतील बहुसंख्यांनी एपिस्कोपल पंथाकडे जाण्याचे ठरविले आणि ॲलन यांनाच पाळक होण्याची विनंती केली. पण साधा उपदेश आणि मोकळी प्रार्थना आपल्या लोकांना अधिक मानवते, असे सांगून त्यांनी तो मान नाकारला. तेव्हा जोन्स त्या मंडळीचे पाळक झाले आणि पुढे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू ठरले. दोघा मित्रांचे पंथ वेगळे झाले, मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली.

ॲलन यांनी १७९१ मध्ये लोंबार्ड रस्त्याजवळ, सहाव्या रस्त्यावर, एक भूखंड घेतला होता. त्यांनी लोहाराची एक जुनी लाकडी शाळा विकत घेतली, स्वतःच्या घोड्यांकरवी ती ओढवून त्या जागेवर आणली आणि सुतारांकडून नीट करून घेतली. जेथे ऐरणीवर घण पडत होते, तेथे आता प्रार्थना होऊ लागली. जुलै १७९४ मध्ये बिशप ॲस्बरी यांनीच तिचे समर्पण केले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. घरातून पळालेला याकोब उशाखाली धोंडा घेऊन निजला होता, तेव्हा त्या उघड्या जागेला त्याने दिलेले हे नाव. पळून आलेल्यांच्या मंडळीला याहून शोभणारे नाव कोणते असते?

परंतु बेथेल उभे राहण्यापूर्वी त्या लोकांची फार मोठी परीक्षा झाली. १७९३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. शहर तेव्हा देशाची राजधानी होते आणि तेथे सुमारे पन्नास हजार लोक राहत होते. अध्यक्ष, मंत्री, धनिक सारे शहर सोडून गेले. काही महिन्यांत सुमारे पाच हजार माणसे मेली. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, असा डॉ. बेंजामिन रश यांचा समज होता. त्यांनी ॲलन व जोन्स यांच्याकडे मदत मागितली. ज्या शहरात आपल्याला गुडघ्यांवरून उठविले गेले, त्याच शहरातील रोग्यांच्या घरी आता जायचे की नाही? त्यांनी प्रार्थना केली आणि ते गेले. त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, शवपेट्या आणल्या, दूषित अंथरुणे पुरली. डॉ. रश यांच्या सूचनेनुसार त्यांनी आठशेहून अधिक रोग्यांचे रक्त काढले. त्या उपचाराचा उपयोग नव्हता आणि रोग डासांमुळे पसरतो, हे वैद्यकाला पुष्कळ उशिरा कळले. डॉ. रश यांचा समजही खोटा ठरला. त्या साथीत शेकडो कृष्णवर्णीय मरण पावले.

साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने, शहरातील काही कृष्णवर्णीयांनी शुश्रूषेसाठी वाटेल ते पैसे उकळले आणि चोऱ्या केल्या, असे छापले. ॲलन व जोन्स यांनी १७९४ च्या आरंभी पुस्तिका काढून उत्तर दिले. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी स्वामित्वहक्क नोंदवून प्रसिद्ध केलेले ते पहिले लेखन मानले जाते. त्यात संताप आहे, पण त्याहून जास्त हिशोब आहे. प्रेते व अंथरुणे पुरण्याचे मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्यांना गेले ३३ पौंड. पाच मजुरांच्या मजुरीला ३७८ पौंड. पदरचे गेले १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. निंदेला असे पै-पैचे उत्तर देण्यासाठी हातही स्वच्छ असावे लागतात.

पुढील वर्षांत सहाव्या रस्त्याच्या आसपासची ती वस्ती बेथेलभोवती वाढत गेली. ॲलन पोटासाठी धुराडी साफ करण्याचा व जोड्यांचा धंदा करीत. अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घराची धुराडीही त्यांनी साफ केली होती. मुलांसाठी शाळा निघाली. १८०१ मध्ये ॲलन यांनी आपल्या मंडळीसाठी गीतसंग्रह छापला. कृष्णवर्णीय मंडळीसाठी कृष्णवर्णीयाने सिद्ध केलेला तो पहिला संग्रह होय. वाचता न येणाऱ्यांनाही साथ करता यावी असे ध्रुपद त्यातील काही गीतांना होते. १८१० मध्ये मंडळीने दफनभूमीसाठी जागा घेतली, कारण कृष्णवर्णीयांना सन्मानाने मातीआड होण्यासही जागा मिळत नसे.

त्या वस्तीला स्वतःचे सणही निर्माण करावे लागले. चार जुलै हा देशाचा स्वातंत्र्यदिन. पण १८०५ मध्ये फिलाडेल्फियाच्या चौकात जमलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्या जमावाने शिव्या देऊन हुसकून लावले. १ जानेवारी १८०८ रोजी आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी करणारा कायदा अंमलात आला. त्या दिवशी जोन्स यांच्या मंदिरात आभारप्रदर्शनाची उपासना झाली, आणि मिसरातून बाहेर काढणाऱ्या देवाचा हा दिवस दरवर्षी पाळावा, मुलांना त्याचा अर्थ सांगावा, असे जोन्स यांनी सुचविले. इस्राएलांच्या वल्हांडणाची तीच रीत होती. ज्यांना दुसऱ्यांच्या सणातून घालवून दिले, त्यांनी देवासमोर आपला सण मांडला.

बेथेलचा मालक कोण, हा झगडा मात्र वीस वर्षे चालला. १७९६ च्या कागदपत्रांत मंदिराची मालमत्ता गोऱ्या मेथडिस्ट परिषदेच्या नावे गेल्याचे मंडळीला मागाहून कळले. मंदिराचा लिलाव झाला तेव्हा ॲलन यांनी दहा हजार डॉलरहून अधिक बोली लावून, स्वतःच उभारलेले मंदिर परत विकत घेतले. मानवी किंमत भरून सुटणे त्यांना नवीन नव्हते! परिषदेचा प्रचारक जबरीने व्यासपीठाकडे निघाला, तेव्हा मंडळीने मधली वाट माणसांनी भरून टाकली. अखेर जानेवारी १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल १८१६ मध्ये निरनिराळ्या गावांतील कृष्णवर्णीय मंडळ्यांचे प्रतिनिधी बेथेलमध्ये जमले, 'आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च' स्थापन झाले आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले.

बिशपपद मिळाले तरी ते आपल्या लोकांचे ऐकणे विसरले नाहीत. जानेवारी १८१७ मध्ये सुमारे तीन हजार माणसे बेथेलमध्ये दाटीवाटीने जमली. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, अशी योजना तेव्हा पुढे आली होती. ॲलन आणि धनिक शिडनिर्माते जेम्स फोर्टेन यांचा तिच्याकडे थोडा कल होता. संमतीसाठी विचारले, तेव्हा एकही आवाज उठला नाही. विरोधाचा मात्र असा गर्जून आला की भिंती हादराव्यात. ज्या भूमीत आपले घाम आणि अश्रू जिरले ती आपली आहे, आणि गुलामीत अडकलेल्या बांधवांना सोडून आम्ही जाणार नाही, हा त्या साध्या लोकांचा निवाडा होता. ॲलन यांनी तो शिरोधार्य मानला.

त्यांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जरिना ली नावाच्या भगिनीने उपदेश करण्याची परवानगी मागितली, तेव्हा नियमात स्त्रीला ती मुभा नाही म्हणून त्यांनी नकार दिला. सुमारे आठ वर्षांनी बेथेलमध्ये उपदेशक अडखळला असता ती उठली आणि त्याच वचनावर बोलू लागली. आता आपल्याला बाहेर काढतील, या भीतीने ती खाली बसली. परंतु बिशप उभे राहिले आणि तिचे पाचारण देवाकडूनच आहे, अशी त्यांनी भर सभेत साक्ष दिली. सत्तेच्या जागी बसून आपली चूक चारचौघांत कबूल करणारे पुढारी किती असतात?

त्यांची पत्नी सारा हिचे स्मरणही येथे अवश्य आहे. परिषदेला आलेल्या प्रचारकांचे फाटके कपडे पाहून तिने भगिनींना जमविले आणि सुईदोऱ्याने त्या सेवेला आरंभ झाला. पळून आलेल्या गुलामांना या पतिपत्नीच्या घरी आसरा मिळे. सप्टेंबर १८३० मध्ये निरनिराळ्या राज्यांतील कृष्णवर्णीयांची पहिली राष्ट्रीय परिषद बेथेलमध्येच भरली आणि सत्तर वर्षांचे ॲलन तिचे अध्यक्ष होते. २६ मार्च १८३१ रोजी ते प्रभूमध्ये निजले.

गुलामगिरी अमेरिकेतून १८६५ मध्ये कायद्याने गेली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, आपल्या पुण्यात जोतिराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, दास्यमुक्तीचे कार्य करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. सहाव्या रस्त्यावरील झगडा आणि आपल्या मातीतील झगडा एकमेकांना ओळखत होते, याचा हा पुरावा आहे.

बेथेलची आजची वास्तू १८९० च्या सुमाराची आहे. ॲलन यांची समाधी तिच्या तळघरात आहे. मंडळीने १८१० मध्ये घेतलेल्या दफनभूमीवर पुढे मुलांचे खेळाचे मैदान झाले. तेथे पाच हजारांहून अधिक माणसे निजलेली आहेत, हे शहर विसरूनही गेले होते. २००९ मध्ये बेथेलची मंडळी सेंट जॉर्ज मंदिरात उपासनेला गेली. ज्या सज्जातून पूर्वज उठले होते, त्याच छताखाली दोन्ही मंडळ्यांनी एकत्र प्रार्थना केली. त्याला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

प्रिय वाचकहो, सेंट जॉर्जचे विश्वस्त दुष्ट होते असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. तेही प्रार्थना करीत, दानधर्म करीत. ते आपल्यासारखेच होते. आपल्या देशातील मंडळ्यांतही जातीप्रमाणे वेगळ्या बैठकी आणि दफनभूमीत वेगळ्या रांगा झाल्या आहेत. कोठे त्या भिंती अजून उभ्या आहेत, कोठे त्या केवळ सोयरिकीच्या वेळी दिसतात. येत्या रविवारी मंदिरात गेलात, तर गुडघे टेकण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. शेवटच्या बाकावर कोण बसले आहे, आणि ते तेथे आपखुशीने बसले आहे काय? उपासना संपल्यावर त्याच्याजवळ जा, त्याचे नाव विचारा, आणि त्याला आपल्या घरी जेवायला बोलवा. बेथेलचा पाया अशाच दगडांनी घातला जातो.